दत्तचरणींचे श्वान आणि आमची तांबू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीच्या या अंकात दरवर्षी मी गुरुचरित्रातल्या एखाद्या अध्यायावर चार शब्द लिहितो. तुम्ही ते गोड मानून घेता. यंदा जे लिहिणार आहे ते पोथीतले नाही, आमच्या पडवीतले आहे. त्यात माझी चूक आहे, एक नव्हे, तीन आहेत. लिहू की नको, असे पुष्कळ दिवस चालले होते. शेवटी ठरवले की दुसऱ्याला बोध करणाऱ्याने एकदा तरी स्वतःचा हिशेब लोकांपुढे मांडावा. म्हणून लिहितो.

आपल्या प्रत्येकाच्या देव्हाऱ्यात दत्तमहाराजांची तसबीर असते. तीन शिरे, सहा हात, मागे गाय आणि पायाशी चार श्वान. चार श्वान म्हणजे चार वेद, गाय म्हणजे पृथ्वी, हा अर्थ आपण लहानपणापासून ऐकतो. मीही देवळात बसून तो अनेकदा सांगितला. अर्थ चुकीचा नाही. पण एक गंमत बघा. वेदांना रूप द्यायचे होते तर हंसाचे देता आले असते, सिंहाचे देता आले असते. दिले ते कुत्र्याचे. जो दारात बसतो, उष्टे खातो, ज्याला आपण 'हाड' म्हणतो, त्याचे. हे असे का, याचा विचार मी सत्तर वर्षांत कधी केला नव्हता. तसबिरीतल्या श्वानांना रोज गंध लावत होतो आणि दारातल्या श्वानाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हतो.

आमच्या दारातल्या श्वानाचे नाव तांबू. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि निम्मी सांगली पाण्यात गेली, हे तुम्ही विसरला नसाल. पाणी ओसरल्यावर आम्ही घरी परतलो तेव्हा अंगणात गुडघाभर चिखल, आणि पायरीवर हे तांबड्या रंगाचे, ओंजळीत मावेल एवढे पिल्लू कुडकुडत बसलेले. आमच्या सौभाग्यवतींनी ते पदरात घेतले. मी म्हणालो, "राहू दे, पण पडवीत. आत सोवळंओवळं आहे." सहा वर्षे तांबू पडवीत राहिली. दोन्ही वेळची भाकरी-दूध तिला मिळे. मी वाडीला निघालो की कोपऱ्यापर्यंत पोचवायला यायची आणि परत येईस्तोवर फाटकाशी बसून राहायची. उंबरा मात्र तिने कधी ओलांडला नाही. तिला तो कुणी शिकवला होता असेही नाही.

शेजारच्या मुलाने एकदा सांगितले होते, "काका, कुत्री आहे, हिचं ऑपरेशन करून घ्या. पिल्लं होणार नाहीत आणि पुढचे आजारही टळतील." मी त्याला उडवून लावले. देवाने दिलेल्या देहाला उगाच सुरी कशाला लावायची, असे म्हणालो. ही माझी पहिली चूक.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. तांबू माजावरून उतरून महिना-दीड महिना झाला असेल. एकाएकी ती पाणी फार पिऊ लागली. भांडे भरून ठेवावे तर अर्ध्या तासात रिकामे. भाकरी तशीच पडायची. सारखी लघवीला जायची, आणि एरवी दिवसभर कोपऱ्यात डोके टेकून पडून असायची. मी पाहत होतो. पण माझ्या डोक्यात सप्ताहाची तयारी. गेली एकतीस वर्षे दत्तजयंतीला गुरुचरित्राचा सप्ताह मी चुकवलेला नाही. सौभाग्यवतींनी दोनदा सांगितले, मी म्हणालो, "जयंती होऊ दे, मग दाखवू."

तेव्हा ही म्हणाली, "अहो, तिच्या दुखण्याला जयंती कळते का?"

त्या दिवशी षष्ठी होती. रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेले. वयाने आमच्या नातीपेक्षा थोडी मोठी असेल. तिने पोट चाचपले, रक्त घेतले, सोनोग्राफी केली आणि म्हणाली, "काका, गर्भाशयात पू झालाय. ऑपरेशन न झालेल्या वयस्कर कुत्रीला हे होतं. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी लक्षणं दिसतात. तुम्ही पाणी पिणं बघितलं असेल ना?" मी मान खाली घातली. ती पुढे म्हणाली, "गर्भाशय काढूनच टाकावं लागेल. आज सलाईन देते, उद्या सकाळी ऑपरेशन. तुमच्या जयंतीपर्यंत थांबला असतात तर वाचली नसती." ही दुसरी चूक. देवाची कृपा म्हणा, ती घरातल्या माणसाने वेळीच मोडून काढली.

सप्तमीला शस्त्रक्रिया झाली. एक रात्र तिथेच सलाईनवर ठेवले. अष्टमीच्या संध्याकाळी तांबू घरी आली. पोटावर वीतभर टाके, गळ्यात प्लॅस्टिकचे मोठे नरसाळे, त्याला डॉक्टर कॉलर म्हणतात. भूल पुरती उतरली नव्हती. थरथरत होती आणि डोळे उघडे असून ओळख नसल्यासारखे. पडवीत मार्गशीर्षाची थंडी. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, ऊब हवी, वारा लागता कामा नये. मग माजघरात जुनी गोधडी चौघडी करून अंथरली, वर माझे जुने धोतर. सहा वर्षांत पहिल्यांदा तांबू उंबऱ्याच्या आत आली, तीही माझ्या हातावरून. एक हात छातीखाली, एक हात मागच्या मांड्यांखाली आणि पोटाला धक्का नाही, असे उचलायला मला शिकवले होते. अठरा किलोचे ओझे आणि माझे वय एकाहत्तर. पण उचलताना जाणवले ते वजन नव्हे. तिने नरसाळ्यासकट डोके माझ्या खांद्यावर टेकले होते.

नवमीला सप्ताह सुरू झाला. ठरल्याप्रमाणे पहाटे स्नान, सोवळे, संकल्प आणि पहिल्या दिवसाचे नऊ अध्याय. तांबूचे सगळे ही पाहत होती. हिचे गुडघे धरलेले, वाकता येत नाही. तरी पाणी चमच्याचमच्याने पाजत होती, मऊ भात भरवत होती.

दशमीला दुसरा दिवस. वाचन अठराव्या अध्यायापर्यंत आले होते. तुम्हाला तो पाठ असेल. संगमाजवळच्या अमरापूरचा तो गरीब ब्राह्मण. दारातल्या घेवड्याच्या वेलावर त्याचा संसार. कोरडी भिक्षा मिळाली नाही तर त्याच घेवड्याच्या शेंगा शिजवून खायच्या. श्रीगुरू भिक्षेला आले, त्याने घेवडाच वाढला. महाराज तृप्त झाले आणि जाताना तो वेल मुळापासून उपटून टाकला. घरातली बायकामुले रडू लागली. पुढे त्या वेलाचे उरलेले मूळ काढायला ब्राह्मणाने जमीन खणली तर खाली द्रव्याने भरलेला कुंभ. हा भाग मी वाचत होतो, तेवढ्यात माजघरातून धप्प असा आवाज आला आणि पाठोपाठ तांबूचे केकाटणे. ती उठायला गेली आणि आमच्या गुळगुळीत शहाबादी फरशीवर पाय घसरून पडली. हिचा आवाज आला, "अहो, जरा या हो, मला उचलवत नाही."

सज्जनहो, मी उठलो नाही. अध्याय अर्धा टाकून आसन सोडायचे नाही हा नेम. मी वाचत राहिलो. आवाज थोडा चढवला, हेही लपवत नाही. अध्याय संपवून, पोथीला नमस्कार करून उठलो तेव्हा ही फरशीवर बसून तांबूचे डोके मांडीवर घेऊन होती. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. ही माझी तिसरी चूक, आणि मला सर्वांत जास्त लागलेली.

कारण पोथी पुढे उघडी ठेवूनच मी ती वाचायला विसरलो होतो. ज्यांनी कुष्ठ्यांना, वांझेला, विधवेला, वाटेवरच्या पतिताला जवळ केले, त्यांचे चरित्र मी वाचत होतो आणि हाकेच्या अंतरावरच्या दुखणाइताला हात देत नव्हतो. ते वाचन माझ्याच्याने पुढे होईना.

मला महाभारतातल्या दोन गोष्टी आठवल्या. महाभारताच्या आदिपर्वात, अगदी आरंभी, एक कुत्रा येतो. जनमेजय राजाचे सत्र चालू असते. देवशुनी सरमेचे पिल्लू तिथे येते आणि राजाचे भाऊ त्याला मारून हाकलतात. ते रडत आईकडे जाते. आई विचारते, काही आगळीक केलीस का? ते सांगते, हविष्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही. सरमा राजाला जाब विचारते, कुणाकडेही उत्तर नसते, आणि ती शाप देते की न दिसणारे भय तुझ्यापुढे उभे राहील. आणि महाभारत संपत येते, महाप्रस्थानाच्या पर्वात, तिथे पुन्हा एक कुत्रा. द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले. हस्तिनापुरापासून मागे लागलेला एक कुत्रा तेवढा युधिष्ठिराबरोबर उरला. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्रे बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही, त्याची नजर पडली तरी यज्ञयागाचे पुण्यही हरण होते. म्हणजे माझाच मुद्दा. माझे सोवळे, माझा संकल्प, माझी एकतीस वर्षे! युधिष्ठिराने काय उत्तर दिले? भक्ताला टाकणे हे शरणागताला टाकण्यासारख्या महापापांच्या तोडीचे आहे. स्वर्ग नको, पण याला सोडणार नाही. आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला.

एका यज्ञाच्या दारातून कुत्रा हाकलला गेला, तो शाप झाला. स्वर्गाच्या दारात एकाने कुत्रा सोडला नाही, तो धर्म ठरला. आमच्या माजघराच्या दारात मी त्या दोहोंच्या मधे उभा होतो.

मी वाडीला ओळखीच्या गुरुजींना फोन लावला. सगळे सांगितले. सप्ताह मधे खंडित केला तर दोष लागेल का, असे विचारले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "पोथी कुठं पळून चाललीय? महाराजांसमोर क्षमा मागा, पोथी बांधून ठेवा. कुत्री बरी झाली की पुन्हा पहिल्यापासून बसा." मी तसेच केले. एकतीस वर्षांचा नेम त्या दिवशी तुटला. तुम्हाला सांगतो, तुटल्यावर छातीवरचा दगड उतरल्यासारखे वाटले, आणि लगेच त्याचीही लाज वाटली.

आता नवा नेम सुरू झाला. तोही काही कमी कडक नव्हता. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, फरशीवर दारापर्यंत सतरंज्या आणि गोणपाटे अंथरली. घसरणे बंद झाले. औषधाच्या गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठ, ठरल्या वेळी. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, "चार दिवसांत ती खेळायला लागेल, तुम्हाला वाटेल आता गोळ्या कशाला. पण कोर्स पुरा करायचा." संध्येची वेळ पाळणाऱ्याला हे सांगावे लागू नये, पण मला सांगितले ते बरे झाले. जखम दिवसातून दोनदा उजेडात पाहायची. लाली वाढली, सूज वाढली, पाणी किंवा पू आला, वास आला, टाके सुटले, तर तडक फोन. हिरड्या गुलाबी आहेत ना हे पाहायचे, पांढुरक्या दिसल्या तर थांबायचे नाही. जखम ओली होऊ द्यायची नाही, म्हणून आंघोळ बंद. लघवीला न्यायचे ते साखळी धरून, दहा-पंधरा पावले, आणि परत. पायऱ्या चढणे नाही, उड्या नाहीत, पळणे नाही. खाणे थोडे थोडे, तीन-चार वेळा. डॉक्टरीणबाईंनी अंडे द्यायला सांगितले होते. ते आमच्या चुलीवर होईना. मग शेजारच्या वहिनी रोज सकाळी उकडून, वाटीवर झाकण ठेवून आणून देत. त्या वाटीला मी दारातच नमस्कार करीत असे.

काय करायचे नाही हेही तितकेच महत्त्वाचे. हिला वाटले, आपली गुडघ्याची गोळी आहे, त्यातली अर्धी द्यावी, बिचारी कण्हते आहे. बरे झाले आधी विचारले. माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते, आपल्या घरातली साधी तापाची गोळीसुद्धा. मला वाटले जखमेला हळद लावावी, वाडीचा अंगारा लावावा. डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, अंगारा कपाळाला लावा. टाक्यांना मी दिलंय तेवढंच." मला पटले. अंगाऱ्याची जागा कपाळ आहे. आणि एक गोष्ट तर आपल्या भागातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. आपला तासगाव-सांगलीचा मुलूख बेदाण्याचा. प्रसादाच्या शिऱ्यात, पंचखाद्यात बेदाणे असायचेच. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला बाधतात, त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा, लसूण, चॉकलेट हेही तसेच. देवळाच्या दारातल्या कुत्र्याला आपण प्रेमाने प्रसाद टाकतो. टाकायचाच असेल तर साधी भाकरी-पोळीचा तुकडा टाकावा.

एवढा नेम मी चार दिवस पाळला. त्रयोदशीच्या रात्री चुकलो.

त्या नरसाळ्याचा तांबूला फार राग. त्यामुळे तिला अंग चाटता येईना, कूस बदलताना ते जमिनीवर आपटे, पाणी पिताना भांड्याला अडके. त्या रात्री ती सारखी पंजाने ते ओढी आणि माझ्याकडे बघून बारीक आवाजात रडे. दोन वाजले असतील. मला ते ऐकवेना. म्हटले, मी जागाच आहे, घटकाभर काढून ठेवू. काढले. तिने लगेच माझा हात चाटला, सुस्कारा सोडला आणि शांत झोपली. मला इतके समाधान वाटले की काही विचारू नका. भिंतीला टेकून नामस्मरण करता करता माझाही डोळा लागला.

पहाटे जाग आली ती ओल्या आवाजाने. तांबू टाके चाटत होती. दोन टाके उसवले होते, जखमेचे तोंड बोटभर उघडलेले, धोतरावर रक्त. माझे हातपाय गळाले. हिला उठवले, स्वच्छ कापडाची घडी पोटावर धरली, नरसाळे पुन्हा चढवले आणि तसेच दवाखान्यात. दार उघडेपर्यंत पायरीवर बसून होतो. डॉक्टरीणबाईने पाहिले. आतला थर शाबूत होता. तो उसवला असता तर आतडी बाहेर आली असती, असे ती म्हणाली. जागा बधिर करून पुन्हा टाके घातले. हात धुताना तिने मला विचारले, "कॉलर का काढलीत?"

मी म्हणालो, "रडत होती हो."

ती म्हणाली, "काका, तिचं रडणं तुम्हाला सोसलं नाही म्हणून काढलीत ना?"

पोर रागाने बोलली नाही. पण परतीच्या रिक्षात तेवढेच वाक्य माझ्या कानात. मी तिची कीव केली असे मला वाटत होते. खरे तर मी माझी सुटका करून घेतली होती. तिचे रडणे थांबले पाहिजे, कारण मला त्रास होतो. याला दया म्हणत नाहीत. आपण नातवंडांना, मुलांना, आजारी माणसाला पुष्कळदा असेच लाडाने बिघडवतो. मधुमेहाच्या माणसाला पेढा भरवतो आणि म्हणतो, एकाने काय होतंय.

आणि मग, भक्तहो, मला चार दिवसांपूर्वी अर्धवट मनाने वाचलेला तो घेवड्याचा अध्याय कळला. तांबूच्या बाजूने बघा. ज्याच्या हातची भाकरी खाल्ली, त्याने रिक्षात घालून परक्याच्या हाती दिले. शुद्ध आली तर पोट कापलेले. गळ्यात हे भलते जोखड. पळायचे नाही, उडी मारायची नाही, खाजवायचे नाही. कडू गोळी घशात. तिला यातले कारण एकही कळत नाही, आणि मला तिला ते कोणत्याही भाषेत सांगता येत नाही. तिच्या लेखी तिचा घेवड्याचा वेल उपटला गेलेला. तरीही मी जवळ बसलो की ती शेपटी हलवायची. त्या प्लॅस्टिकच्या भोकातून डोके पुढे करून माझ्या पायावर टेकवायची.

आपण काय करतो? आयुष्यात एखादी गोष्ट हिरावली गेली, एखादे दार बंद झाले, की महाराजांसमोर जाऊन रडतो. माझ्या गळ्यातले हे काढा म्हणतो. ते ऐकत नाहीत तेव्हा म्हणतो, देवाला दया नाही. प्रत्येक दुःखाच्या मुळाशी धनाचा हंडा असतोच, असे मी म्हणणार नाही. ज्यांची माणसे गेली आहेत त्यांना असे सांगणे हा उद्धटपणा होईल. पण एवढे मला त्या पहाटे कळले, की रडणे ऐकूनही जो गळ्यातले काढत नाही, तो निष्ठुरच असतो असे नाही. तो कदाचित रात्रभर उशाशी जागा बसलेला असेल. मी झोपलो, हा माझ्यात आणि त्याच्यात फरक.

आता मला वाटते, वेदांना श्वानाचे रूप का, त्याचे उत्तर इथे असावे. हे माझ्या मनचे आहे, शास्त्रार्थ म्हणून घेऊ नका. अवधूताने चोवीस गुरू केले. त्यांत पृथ्वी आहे, कबूतर आहे, अजगर आहे, कोळी आहे, पण श्वान नाही. सगळे जाणून घेऊन मग विश्वास ठेवणे सोपे असते. काही न कळता पायाशी बसून राहणे, ही विद्या फक्त त्याला येते. ती ज्याला आली त्याला गुरू शोधत हिंडावे लागत नाही. तो आधीच पायाशी पोचलेला आहे.

पौर्णिमा आली. मी वाडीला गेलो नाही. सायंकाळी जन्मकाळाला जवळच्या देवळात पाळणा सुरू झाला, शंख-घंटांचा आवाज घरापर्यंत येत होता. मी माजघरात गोधडीशी बसलो होतो. हिने देव्हाऱ्यात फुले वाहिली, सुंठवडा ठेवला, आणि तांबूपुढे दहीभाताची वाटी ठेवली. आजवर तिला हाताने भरवावे लागत होते. त्या संध्याकाळी ती आपली आपण उभी राहिली, नरसाळे वाटीवर बरोब्बर बसवले आणि वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली. ही माझ्याकडे बघून हसली. दशमीनंतर पहिल्यांदा. मला त्या दिवशीचा प्रसाद मिळाला.

टाके दुसऱ्यांदा घातल्यामुळे काढायला दोन आठवडे आणखी लागले. त्या दोन आठवड्यांत ते नरसाळे एक क्षणही निघाले नाही. ती रडली की मी शेजारी बसून गुरुचरित्र मोठ्याने वाचायचो. सोवळे नाही, संकल्प नाही, नुसते वाचन. आवाजाने ती शांत व्हायची. पौषात पुन्हा पहिल्यापासून सप्ताह केला. आसन माजघरातच मांडले.

एकनाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखात रिती केली, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी थोर दत्तभक्त, म्हणजे ती शिकवण आपल्याच घराण्यातली. पण आपली कावड भरलेली असताना गाढव वाटेत आडवे पडलेले दिसले, तर आपण काय करू? मी काय केले ते सांगितले. अध्याय पुरा करून उठलो.

म्हणून या जयंतीला तुमच्याकडे एवढेच मागणे. दारात कुत्री असेल तर वेळेवर तिचे ऑपरेशन करून घ्या, म्हणजे वृद्धपणी तिच्यावर तांबूसारखी वेळ येणार नाही. मुके जनावर जास्त पाणी पिऊ लागले, खाईना, कोपरा धरून बसले, तर सणवार बघू नका. आणि घरात कुणी आजारी असेल, माणूस असो की जनावर, तर त्याच्या सेवेसाठी पोथी मधे ठेवावी लागली तर खुशाल ठेवा. आळसाने ठेवू नका. सेवेसाठी ठेवा. महाराज रागावणार नाहीत. ते चौघांना पायाशी घेऊन उभे आहेत, त्यांना हे ठाऊक आहे.

तांबू आता माजघरात झोपते. सकाळी मी पूजेला बसलो की देवघराच्या दाराशी येऊन बसते, आत येत नाही. मी तसबिरीतल्या चार श्वानांना गंध लावतो, आणि उरलेले बोट बाहेर येऊन पाचव्याच्या कपाळाला पुसतो.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!